पूर्वनेमणुकीचा चैत्र

मार्च लागला की आमच्या परभणीच्या दवाखान्यात बारावीच्या मुली यायला लागतात. पेपरच्या आधी चक्कर, पेपरनंतर उलट्या, एखादीची दातखीळच बसलेली. सोबत आई, तिच्या हातात पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेलं हॉलतिकीट. मी सलाईन लावते, थेंब मोजते, आईला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवते आणि मुलीला हळूच विचारते, "पुढं काय करायचंय गं?" मुलगी आधी दाराकडे बघते. कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेते आणि मग म्हणते, "बघू, पप्पा म्हणतील तसं." दाराकडे बघून झाल्यावरही ती खरं सांगत नाही, हे मला चांगलंच कळतं.

खिडकीबाहेर कडुनिंब फुललेला असतो. त्याचा गोडसर, थोडा कडवट वास फिनेलच्या वासातून वाट काढत वॉर्डात येतो आणि माझ्या हातातलं काम क्षणभर थांबतं. दर वर्षी हे असंच होतं. फुलोरा येतो, उन्हाला धार येते, आणि मला सेलूतला तो एक चैत्र आठवतो. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.

मी संशयी बाई आहे. हे काही मी कौतुकानं सांगत नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख मी तीनदा बघते. दुसऱ्या सिस्टरनं मोजलेल्या गोळ्या पुन्हा मोजते. डॉक्टर "काळजीचं काही नाही" म्हणाले की मला काळजी सुरू होते. बरोबरच्या मुली चेष्टा करतात, तुम्ही पोलिसात जायला पाहिजे होतं म्हणतात. मला कुठं जायचं होतं ते त्यांना माहीत नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सेलूजवळच्या एका खेड्यात गणिताचे मास्तर होते. रोज सायकलवर जायचे, यायचे. रविवारी तेच अप्पा पांढरा शर्ट घालून आमच्या चर्चमध्ये उपदेशाला उभे राहायचे. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, पुढं कडुनिंबाचं झाड आणि बाजूला हातपंप. आमची मंडळी पंधरा-वीस घरांची. कायमचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, परवडणारा नव्हता, म्हणून महिन्यातून एकदा जालन्याकडून पाळक यायचे आणि बाकीचे रविवार अप्पा सांभाळायचे. शास्त्र समजावतानासुद्धा त्यांच्या हातात खडू असायचा. आत फळा नव्हता, तरी असायचा.

त्या वर्षी माझी बारावी होती. शेवटचा पेपर झाला तेव्हा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ अर्ध्यावर आला होता. घरात मटण बंद, चहात साखर कमी, आणि संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा. जिनिंगचा हंगाम सरत आलेला, तरी गावात कापसाचं पिंजण उडत असायचं. ते तारेच्या कुंपणाला, बाभळीला, अगदी चर्चच्या खिडकीच्या जाळीलाही अडकलेलं असायचं. शिवारात गहू निघाला होता. अंगणात नव्या गव्हाचं पोतं येऊन पडलं की उन्हाळा सुरू झाला असं आमच्याकडे समजायचं.

त्याच दिवसांत ब्रदर शमुवेल आले. सोलापूरकडचा माणूस, वय तिशीच्या आसपास, आवाज असा की पत्रे थरथरावेत. जालन्याच्या पाळकांनीच त्यांना तीन दिवसांच्या विशेष सभांसाठी पाठवलं होतं. विषय त्यांचा त्यांनीच निवडला. गेटजवळच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पूर्वनेमणूक. तीन दिवस. सर्वांनी यावे."

पहिल्या संध्याकाळी मागच्या सतरंजीवर दोन अनोळखी मुली येऊन बसल्या. वालूरच्या होत्या. दोघींच्या मांडीवर फायली. फायलीत डी.एड.ची प्रमाणपत्रं, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. नेमणूक आहे म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, मिशनची शाळा निघतेय असं त्यांना वाटलं होतं. बिचाऱ्या दीड तास बसल्या. ब्रदर सांगत होते की नेमणूक आता व्हायची नाही, ती जगाचा पाया घातला त्याच्याही आधी होऊन गेली, कोण आत आणि कोण बाहेर हे तेव्हाच ठरलं, आणि माणसाच्या कुठल्याही गुणावर ती अवलंबून नाही. तेव्हा त्यातली एक दुसरीला म्हणाली, "मी सांगत नव्हते का तुला? यादी आधीच लागलेली असते." मला एवढं हसू आलं की मी ओढणी तोंडात कोंबली. पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात राहिलं, कारण त्या आठवड्यात मला घरातही तसाच काहीतरी वास येत होता.

झालं असं होतं की आमच्या लोखंडी कपाटात मी माझं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र शोधत होते. कपड्यांच्या खाली नर्सिंगचा अर्ज सापडला. मिशनच्या दवाखान्यातल्या कोर्सचा. वरती माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, सगळं अप्पांच्या गोल, शाळामास्तरी अक्षरात भरलेलं. खाली फक्त माझ्या सहीची जागा मोकळी. मी तो होता तसा ठेवून दिला आणि कपाट लावलं.

आणि हेच अप्पा रोज जेवताना मला म्हणत होते, "तू ठरव. कालेजला जायचं का नर्सिंगला, तुझं तू ठरव. आमी मधी येणार न्हाई."

आईचं मत उघड होतं. माझी मावशी नर्स होती. तिच्या घरी फ्रिज होता, तिच्या शब्दाला किंमत होती, आणि नवऱ्यानं हात उगारला तर ती दुसऱ्या दिवशी बदली मागू शकत होती. आईला माझ्यासाठी तेवढंच हवं होतं. तिच्यावर मला कधी संशय आला नाही. मनात असेल ते ती बोलून मोकळी व्हायची. संशय आला तो "तू ठरव" म्हणणाऱ्यावर. ज्याच्या कपाटात अर्ज भरून तयार आहे तो "तू ठरव" म्हणतो, याचा अर्थ मी असा काढला की आपण काय ठरवलंय ते हिनं ओळखावं असं यांना वाटतंय. वर्गात ते असंच करायचे. उत्तर त्यांना माहीत असायचं, तरी खडू पुढं करून म्हणायचे, "सांग बघू."

म्हणून मी गप्प राहिले. मला परभणीला जाऊन गणितात बी.एस्सी. करायचं होतं. हे वाक्य मी तेव्हा स्वतःशीसुद्धा पूर्ण बोलत नसे.

दुसऱ्या दिवशी सभेत अप्पा उठले. खरंतर पाहुण्या उपदेशकाला मध्येच अडवायची आमच्यात रीत नाही. पण अप्पांच्यानं राहवलं नाही.

"ब्रदर, एक इचारतो," ते म्हणाले. "मी पंचवीस वर्षं वर्गात उभा हाय. जानेवारीतच मला ठाऊक असतं, कोणतं पोरगं नापास होणार. पण मला ठाऊक हाय म्हणून ते नापास होत न्हाई. ते अभ्यास करत न्हाई म्हणून नापास होतं. देवाचं पूर्वज्ञान म्हणजे एवढंच. त्याला सगळं आधी दिसतं. पण करणारा माणूस मोकळा हाय."

मंडळीत समाधानाची कुजबुज झाली. मास्तरांनी बरोबर पकडलं, असं सगळ्यांना वाटलं. ब्रदर शमुवेल रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमचं पोरगं दुसऱ्याच्या घरून येतं. त्याचं डोकं तुम्ही केलेलं नसतं. देवानं तर पोरगं पण केलं, डोकं पण केलं, पेपर पण त्यानंच काढला. आणि ते नापास होणार हे ठाऊक असून केलं. मग?"

अप्पा खडू मुठीत धरून खाली बसले.

"माझंच बघा," ब्रदर पुढं म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खाली आला होता. "मी दारूत बुडालेला माणूस होतो. माझ्यावर सोडलं असतं तर मी सात वेळा सुटून पुन्हा सात वेळा प्यालो असतो. मी देवाला धरलेलं नाही, मास्तर. त्यानं मला धरलंय. माझ्या हातात असतं तर मी आज इथं नसतो. तुम्हाला मोकळीक गोड वाटते. मला तिची भीती वाटते."

मला तो माणूस तेव्हा आवडला नाही. फार छान बोलणाऱ्यांचं मला काहीतरी खटकतं. पण आता वॉर्डात दारूनं पिवळे पडलेले पुरुष बघते, त्यांच्या बायकांना दिलेल्या शपथा ऐकते, तेव्हा ब्रदरचं ते बोलणं आठवतं. धरलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. माझा प्रश्न वेगळा होता. ज्याला धरलं नाही, त्याचं काय?

तो प्रश्न विचारला शांताबाईंनी. शांताबाई आमच्या शेजारच्या. मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, आणि गहू निवडायच्या दिवसांत आमच्या अंगणात हक्कानं येऊन बसणाऱ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या, आई आणि मी परात घेऊन बसलो होतो. शांताबाईंची बोटं भराभर चालत होती. मध्येच थांबल्या, बोटांच्या चिमटीतल्या खड्याकडे बघत राहिल्या आणि तो बाजूला टाकला. संध्याकाळी, शेवटच्या सभेत, ब्रदर "निवडलेले लोक, निवडलेले लोक" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते, तेव्हा त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"बाबा, मला एक समजंना. मी जल्मभर गहू निवडायलेय. गहू निवडताना हात खड्याला लागतो, गव्हाला न्हाई. उचलून घ्यायचा तो खडा. गहू परातीतच ऱ्हातो. मंग तुमी निवडलेले निवडलेले म्हणायलाव, ते खडे का गहू?"

लोक हसले. ब्रदरही हसले. अप्पा मात्र हसले नाहीत, कारण पुढचं काय येणार ते त्यांना कळलं असावं.

"हसू नका," शांताबाई म्हणाल्या. "माझा मालक कधी आत आला न्हाई. दर ऐतवारी मला सायकलवर आणून सोडायचा आन् भजन संपस्तोर त्या लिंबाखाली सायकल धरून उभा ऱ्हायचा. तसाच गेला. बाप्तिस्मा न्हाई, काई न्हाई. तो आत धरायचा का बाहेर?"

ब्रदर खूप हळू म्हणाले, "ते देवालाच ठाऊक, आई."

"त्याला ठाऊक हाय, हे मलाबी ठाऊक हाय. मला ठाऊक न्हाई. तेवढं सांगा."

म्हातारीनं मग अप्पांकडे बघितलं. मास्तर, तुमी सांगा, असं ते बघणं होतं. मोकळीक-मोकळीक म्हणणाऱ्या अप्पांना म्हणता आलं असतं की तो मोकळा होता, त्यानं स्वतःच बाहेर राहायचं ठरवलं. त्यांच्या शिकवणीनं तेच उत्तर येत होतं. पण पस्तीस वर्षं झाडाखाली सायकल धरून उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल ते तसं म्हणू शकले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना उत्तर येत नाही असं पाहिलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, यांचं हेही नाटक असेल का?

ब्रदर निघून गेले. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. आमच्याकडे ताड-माड कुठले, ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणायच्या, हातांना काटे बोचवून घ्यायचे आणि होसान्ना म्हणत चर्चला फेरी घालायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सहा तास उपवास करून बसलो. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटे कोकीळ ओरडत होता आणि आईनं शेवयाची खीर केली होती. या सगळ्यात अप्पा गप्प. पूर्वी जेवताना "तू ठरव" म्हणायचे, तेही बंद झालं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि आईला बोलावलं. त्या वर्षी जवळच्या एका गावात ग्रामपंचायतीला दोघांना सारखी मतं पडली होती आणि तहसीलदारांसमोर ईश्वरचिठ्ठी टाकून सरपंच ठरला होता. हरलेल्यानंही हार घातला म्हणे. गावोगावी तीच चर्चा होती. अप्पा म्हणाले, "येशूच्या प्रेषितांनीबी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आता देवालाच इचारू."

दोन चिठ्ठ्या त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या. वहीच्या चौकोनी कागदाच्या, घट्ट घड्या केलेल्या. माझ्या कंपासपेटीत टाकून त्यांनी ती हलवली. डोळे मिटून प्रार्थना केली. ती प्रार्थना इतकी लांबली की आईनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग मी हात घातला. चिठ्ठी उघडली. "नर्सिंग."

आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अप्पांनी पेटीतली दुसरी चिठ्ठी उचलली आणि न उघडता शर्टाच्या खिशात टाकली.

न उघडता. हीच गोष्ट माझ्या मनात जी रुतून बसली ती बसलीच. उघडली का नाही? दाखवली का नाही? अर्ज भरलेला होता, चिठ्ठ्या आधीच तयार होत्या, लिहिणारे एकटे तेच. दोन्हींवर नर्सिंगच लिहिलं असणार. चर्चमध्ये माणूस मोकळा आहे म्हणून भांडायचं आणि घरात मुलीची पूर्वनेमणूक करून टाकायची. वर देवाचं नाव लावायचं. मी सही केली. जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन होस्टेलला गेले.

मी वाईट नर्स झाले नाही. उलट चांगलीच झाले. थेंबांचा वेग, औषधाचं प्रमाण, वजनाप्रमाणे डोस, हे सगळं मी कागदाशिवाय करते. नव्या मुली आश्चर्यानं बघतात. कधीकधी रिकाम्या वेळात केसपेपरच्या पाठीमागे मी उगाच एखादं समीकरण मांडते, सोडवते आणि बोळा करून टाकते. लग्न झालं, ते मोडलं, आईचं म्हणणं खरं ठरलं आणि मी बदली मागून परभणीला आले. पण अप्पांशी मी मोकळं कधी बोलले नाही. त्यांनी फोन केला की मी विचारते, जेवलात का, गोळी घेतली का. ते म्हणतात, हो. संपलं. आपल्याला फसवणारा माणूस आपल्यावर प्रेमही करत असला की त्याचा राग धड करता येत नाही आणि धड सोडताही येत नाही.

माझा संशय अप्पांवरच थांबला नाही, हे कबूल करते. ज्याच्या नावानं चिठ्ठी निघाली त्याच्यावरही तो गेला. प्रार्थनेला उभी राहिले की वाटायचं, अर्ज आधीच भरून ठेवलाय, आणि मला फक्त सहीला बोलावलंय.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. शांताबाई त्याच्याही आधी गेल्या. त्या कंपासपेटीतलं खरं सांगू शकेल असं अप्पांशिवाय कुणी उरलं नाही, आणि अप्पांचं वय आता सत्तरीच्या पुढं आहे.

या चैत्रात सुट्टी घेऊन सेलूला गेले होते. दुपारची वेळ. बाहेर झळा, आत पंखा हळूहळू फिरत होता. अप्पा खाटेवर बसून चष्मा पुसत होते. मी ठरवून काही गेले नव्हते. वॉर्डातल्या त्या दाराकडे बघणाऱ्या मुली डोक्यात असतील. मी एकदम विचारलं.

"अप्पा, दुसऱ्या चिठ्ठीवर काय होतं?"

कुठली चिठ्ठी, असं त्यांनी विचारलं नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कालेज," ते म्हणाले. "दुसरं काय असणार?"

"खरं सांगा. मी अर्ज बघितला होता. आधीच भरलेला."

"दोन्ही भरले होते. कालेजचाबी भरला होता. तो शाळेच्या पिशवीत होता. तुझ्या आईनं बघू नये म्हणून."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रोगी वेदना लपवतोय का हे मला दोन मिनिटांत कळतं. या माणसाचं मला काही कळेना.

"मग उघडून का दाखवली नाही?"

"कशी दाखवू? मी डोळे मिटून तीच मागत होतो. कालेजची निघू दे, कालेजची निघू दे. आन् निघाली दुसरी. उघडली असती तर तुझ्या आईसमोर रडलो असतो."

"मग मोडायची होती चिठ्ठी! बाप होतात ना तुम्ही!"

"मोडणार होतो," अप्पा म्हणाले. "पण सभेत छाती ठोकून म्हणलो होतो, माणूस मोकळा हाय. आन् त्या म्हातारीनं बघितलं माझ्याकडं. तवापासून माझाच माझ्यावर भरोसा राहिला न्हाई. म्हणलं, मी माझी इच्छा तुझ्यावर लादतोय, मास्तर म्हणून, बाप म्हणून. तू तर काई बोलतच नव्हतीस. एकदा जरी बोलली असतीस..."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हा म्हातारा लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर डूख धरून जगले, तो माणूस त्या सकाळी डोळे मिटून माझ्याच बाजूनं उभा होता. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, हेही खोटं असेल. मुलीला आता बरं वाटावं म्हणून रचलेलं. त्या दोन्हींतलं खरं काय, हे मला कधीच कळणार नाही. पण एक गोष्ट माझ्याकडची होती, आणि ती अजून बाहेर आली नव्हती. मी दाराकडे बघितलं. दारात कुणीच नव्हतं.

"मला गणित करायचं होतं, अप्पा."

"मला ठाऊक होतं," अप्पा म्हणाले.